कंपवात आणि मेंदूंतील दाह

आम्ही शाळेंत असतांना एक वृद्ध गुरुजी आम्हांस गणित शिकवीत असत. फळ्यावर लिहितां लिहितां त्यांचीं अक्षरें ओळीच्या शेवटीं मोहरीएवढीं बारीक होत. मांडीवर विसावलेला त्यांचा उजवा हात एकसारखा थरथरे, आणि मुद्रेवर हसूं म्हणून कधीं उमटत नसे. आम्ही मुलें त्यांस रागीट समजत असूं व पाठीमागें त्यांच्या हाताची नक्कल करून हसत असूं. गुरुजींना राग नव्हता, कंपवात होता, हें आमच्या ध्यानीं येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंवर क्षमा करण्यास ते उरले नव्हते. त्या अपराधाची अंशतः फेड म्हणून या रोगाची हकीकत येथें सांगत आहों.

१८१७ सालीं लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्यानें या रोगावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सहा रोग्यांचें वर्णन आहे. पैकीं कांहीं त्यास केवळ रस्त्यांत दिसले होते. पुढें हा रोग त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. रोगाचें मूळ मानेजवळच्या मज्जारज्जूंत असावें असा त्याचा तर्क होता. तो मात्र चुकीचा ठरला.

तें मूळ आहे मेंदूच्या देठांत. तेथें काळसर पेशींचा एक पट्टा आहे. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. या पेशी डोपामिन नांवाचें रसायन तयार करून मेंदूच्या अंतर्भागास पुरवितात, व त्याच्या योगानें आपल्या हालचाली सुरळीत होतात. या पेशी मरूं लागल्या म्हणजे हात कांपतो, अंग ताठतें, पाऊल उचलेनासें होतें, मुद्रा निर्विकार होते. विशेष हें कीं, पहिला कंप दिसण्याच्या आधींच पुष्कळशा पेशी नष्ट झालेल्या असतात. १९६० ते १९७० या दशकांत लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें. मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामिन बनतें. आपल्या रानांत वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतहि हेंच द्रव्य असतें. या औषधानें रोग्यास मोठा आराम पडतो. परंतु हें गळक्या रांजणांत पाणी ओतण्यासारखें आहे. भोंक कांहीं बुजत नाहीं.

मग या पेशी मरतात कां? वय, आनुवंशिक दोष, कांहीं विषें, अशीं अनेक कारणें आहेत. परंतु त्यांत एक मोठें विलक्षण आहे. मेंदूंत मायक्रोग्लिया नांवाच्या बारीक पेशी असतात. स्पेन देशांतील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यानें १९१९ सालीं त्या वेगळ्या ओळखल्या. गांवच्या जागल्याप्रमाणें त्यांनीं गस्त घालावी, जंतु शिरल्यास मारावे, मेलेल्या पेशींचा केर काढावा, असें त्यांचें काम. १९८८ सालीं कॅनडांतील मॅकगीर व त्यांचे सहकारी यांना कंपवाताच्या मृत रोग्यांच्या कृष्णद्रव्यांत हे जागले खवळलेल्या स्थितींत आढळले. खवळलेला जागल्या चोरासाठीं उचललेली काठी घरच्यांवरहि चालवितो. या पेशींतून दाहकारक द्रव्यें बाहेर पडतात. त्यांनीं शेजारच्या पेशींस इजा होते. त्या मेल्या कीं त्यांच्या अवशेषांनीं जागले अधिकच खवळतात. असें हें चक्र फिरत राहतें.

या चक्रावर एका दुर्दैवी घटनेनें प्रकाश पाडला. १९८२ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कांहीं तरुणांनीं चोरून बनविलेलें मादक द्रव्य टोंचून घेतलें. त्यांत एमपीटीपी नांवाचें विष उतरलें होतें. थोड्याच दिवसांत ते लांकडासारखे ताठ झाले. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें कारण शोधून काढलें. पुढें १९९९ सालीं, अशा विषबाधेनंतर तीन ते सोळा वर्षांनीं मृत्यु पावलेल्या तिघांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. विष केव्हांच निघून गेलें होतें. तरी जागले खवळलेलेच होते, व पेशींचा नाश चालूच असल्याच्या खुणा दिसत होत्या. सरपण संपलें तरी राखेखालीं निखारा धुमसत राहावा, तसा हा प्रकार.

हा निखारा विझविला म्हणजे उरलेल्या पेशी वांचतील, असें वाटणें साहजिक आहे, आणि त्या दिशेनें प्रयोगहि चालू आहेत. परंतु जागल्यास अजिबात झोंपवून भागत नाहीं. कारण केर काढणारा व जंतूंपासून राखणाराहि तोच. त्याचा कोप शमावा आणि पहारा तर राहावा, ही खरी अडचण आहे. पेशींचा नाश थांबवितें असें निर्विवाद सिद्ध झालेलें एकहि औषध आजवर हातीं लागलेलें नाहीं. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून सुजेच्या गोळ्या अथवा खाजकुइलीचें चूर्ण आपल्या मनानें घेऊं नये. नियमित व्यायामानें रोग्याचें चालणें व तोल सुधारतो, एवढें मात्र अनुभवास आलें आहे.

बालमित्रहो, शोध लागावयाचा तेव्हां लागेल, आणि कदाचित् तो तुमच्यापैकींच कोणी लावील. तोंवर एक गोष्ट तुमच्या हातीं आहे. घरीं अथवा वाटेंत एखाद्या वृद्धाचा हात कांपतांना दिसला, सदऱ्याची गुंडी लावण्यास त्यास वेळ लागूं लागला, तर थोडें थांबा. त्यास घाई करूं नका. त्याच्या निर्विकार मुद्रेमागें तुम्हांस ओळखणारें मन जागें असतें. आमच्या गुरुजींचेंहि तें जागें होतें. पाहतां आलें नाहीं तें आम्हांस.