तिथं देव कोणता?

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईला दोन दिवस घराबाहेर जायचं तर एक देव लागतो. तुळजापूर, माहूर, पंढरपूर म्हटलं की सासूबाईसुद्धा पिशवी भरून देतात. ‘लोणारचं सरोवर बघायला जाऊ’ असं मी आमच्या पालमच्या बचत गटात म्हटलं, तेव्हा निम्म्याअधिक घरांतून एकच प्रश्न आला, ‘तिथं देव कोणता?’ कमळजा देवी आहे म्हटल्यावर होकार मिळाले. देवी आहेच हो. पण नुसतं डोळ्यांना बरं वाटावं म्हणून बाईनं का जाऊ नये, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे पैशाची कटकट तशी कमी. पालमहून परभणी, तिथून जिंतूर. जिंतूरला दोन क्रूझर ठरवल्या, कारण वाटेत चारठाणा बघायचं होतं. आपल्याच परभणी जिल्ह्यातलं हे गाव. जुनी दगडी मंदिरं, पायऱ्यांची बारव आणि नक्षीदार उंच दीपस्तंभ. बावीसजणींपैकी एकीनंही ते आधी पाहिलं नव्हतं. जिंतूरला माहेर असलेल्या दोघींनीही नाही!

लोणारला काठावर उभं राहिलं की बोलणंच बंद होतं. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, सव्वाशे मीटरहून जास्त खोल, आणि तळाशी हिरवट पाणी. आकाशातून उल्का येऊन काळ्या बेसाल्ट खडकावर आदळली, त्याचा हा घाव. पूर्वी त्याचं वय 52 हजार वर्षं मानत, अलीकडच्या अभ्यासात ते पाच लाखांच्या वर गेलं आहे. आमच्यातल्या एकीनं लगेच हिशेब केला, ‘म्हणजे रामाच्याही आधीचं!’ खरंच की. पुराणात मात्र इथं लवणासुर राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं.

उतरायची वाट दगडांची, झाडीतून जाणारी. आमच्या सदुसष्ट वर्षांच्या मावशी लेकाचे कापडी बूट घालून आल्या होत्या. नऊवारी आणि खाली पांढरे बूट! सगळ्या हसल्या, पण गुडघे धरत का होईना, मावशी खाली पोचल्या आणि चपलांवाल्या दोघी अर्ध्यातून परतल्या. वाटेत मोर ओरडत होते, वानरांनी एकीची भाकरीची पिशवी पळवली.

पाण्याजवळ मी पर्समधली हळदीची पुडी काढली. ओल्या बोटाला हळद लावून त्यावर सरोवराचं पाणी टाकलं, तर हळद लाल! आपण हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तेच हे. पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी आहे, की त्यात आपल्या नदीतले मासे जगत नाहीत. जगतात ते खारात राहणारे सूक्ष्मजीव. जून 2020 मध्ये पाणी घटलं, खार वाढला, हे जीव माजले आणि सगळं तळं गुलाबी झालं. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं होतं.

आमचा वाद झाला तो धारेवर. तिथं गोमुखातून गोड्या पाण्याची धार येते, तेच पाणी पुढे सरोवरात जातं. दोघीजणी साबण घेऊनच आल्या होत्या. मी नको म्हटलं तर एक तडकली, ‘गंगेत लावतोच की, ताई!’ गोदावरीचं पाणी वाहून तरी जातं बाई, (ती घाण पुढच्या गावाच्या वाट्याला येते, ते वेगळं). इथून बाहेर जायला वाटच नाही. पडेल ते कायमचं तळाशी. गावातलं सांडपाणीही वर्षानुवर्षं इथं उतरत आलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत तो विषय गेला. 2000 साली हे अभयारण्य झालं, नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. पण यादीतलं नाव साबणाचा फेस थोडंच अडवतं? शेवटी दोघींनी नुसते पाय धुतले. रागानंच. कमळजेची ओटी भरली, मात्र प्लास्टिकच्या पिशव्या परत पर्समध्ये गेल्या.

चढताना सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला, म्हणून सांगते, सकाळी लवकर उतरा आणि पाणी जास्त न्या.

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. चालुक्यकाळातलं, चांदणीसारख्या आराखड्याचं. भिंतींवरची शिल्पं बघता बघता अंधार झाला. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजा. 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ जन्मल्या तो वाडा, लखुजी जाधवांची भव्य समाधी. वाड्यात मावशी बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही माय, गार लागतंय.’

परतीच्या गाडीत विषय निघाला आपल्या जांभूळबेटाचा. पालम तालुक्यातच, गोदावरीच्या पात्रातलं बेट, जांभळाची झाडी, मोर, मारुतीचं देऊळ. लोणारला जायला अर्धा दिवस घालवणाऱ्या आमच्यातल्या चौदाजणींनी ते पाहिलेलं नाही. नदीकाठच्या गावातली एक म्हणाली, ‘लोक येतात, जेवतात आन् पत्रावळ्या तिथंच टाकतात. जांभळासाठी फांद्या मोडतात.’ धारेवर तडकलेली बाई सगळ्यांत आधी बोलली, ‘मग आपण पोतं घेऊन जाऊ, उचलू.’

जूनमध्ये, जांभळं पिकल्यावर आणि पाऊस जोर धरायच्या आत जायचं ठरलंय. होडीचं विचारून ठेवलंय. डबे स्टीलचे, पोती चार, आणि मावशींचे बूट.