‘क्लीन’ क्रीम महाग आहे, पण मुलीच्या चेहऱ्याला सोसेल का?

ईदच्या तोंडावर साताऱ्यात आमच्या घरी लेकीसाठी बाराशे रुपयांचं फेस ऑइल आलं. बाटलीवर ‘क्लीन’, ‘नॅचरल’, ‘हलाल’ सगळं लिहिलेलं. आठवड्यात चेहरा लाल, पिंपल्स दुप्पट. ईदच्या दिवशी ती ओढणीत तोंड लपवून बसली.

चूक आमचीच. ‘क्लीन’ शब्दाला आपल्या कायद्यात व्याख्याच नाही. कंपनी सांगेल तो अर्थ. हलाल म्हणजे त्यात हराम काही नाही, पण नाजूक त्वचेला ते मानवेलच असं नव्हे. मग सांगलीहून खालांनी हळदीचं उटणं पाठवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माल उत्तमच. तरी हळदीचीही काहींना ॲलर्जी असते. लिंबाने आग होते, सुगंधी तेलांनी खाज सुटते, खोबरेलाने रंध्रं बुजू शकतात.

म्हणून नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावा. लाली-खाज नसेल तरच चेहऱ्याला, आणि एका वेळी एकच. वुजूला साधं पाणी पुरे, दर वेळी फेसवॉश नको. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब मनाने आणू नका. आधी बरं वाटतं, नंतर त्रास वाढतो. पिंपल्स दुखरे असतील, डाग पडत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, “तोंड नीट धूत नाहीस” असं मुलीला बोलू नका. पिंपल्स मळाने नाही, वयातल्या हार्मोन्सने येतात. त्यात तिचा काय कसूर?