दहा बाय बारातला मुक्काम

मुंबईत ‘हॉटेल’ म्हटलं की आपल्याला आधी बटाटेवडा आठवतो, खोली नाही. राहायचं असेल तर आपण विचारतो, ‘इथं जवळपास लॉज आहे का हो?’ जुन्या पाट्यांवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असं जोडीनं लिहिलेलं असायचं. आता या दोन्ही शब्दांत न बसणारी एक तिसरी जात शहरभर पसरली आहे. दादर, परळ, ग्रँट रोड, अंधेरी, कुठंही बघा. चार-पाच मजल्यांची चिंचोळी इमारत, खाली काचेचा दरवाजा, आत एक काउंटर, एक लिफ्ट आणि वर वीस-पंचवीस खोल्या. ही धर्मशाळा नव्हे आणि पंचतारांकितही नव्हे. मधल्या खिशाचं, मधल्या माणसाचं हॉटेल.

इथं उतरतं कोण? मुंबई बघायला आलेला प्रवासी थोडा. जास्त करून काम घेऊन आलेली माणसं. टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेल्या आईला घेऊन आलेला मुलगा. वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसाच्या मुलाखतीला आलेले आजी-आजोबा. नोकरीच्या परीक्षेला आलेली मुलगी आणि सोबत तिचे वडील. हायकोर्टात तारीख असलेले कास्तकार. यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कुठं तरी ताठ उभं राहायचं असतं. रात्र वाईट गेली तर तो दिवस हातचा जातो, आणि तो दिवस परत मिळेलच असं नसतं. म्हणून या लहान हॉटेलातला अनुभव चांगला-वाईट कशानं ठरतो, हे जरा उलगडून बघू या.

आणि हे काही नवं नाही. लोकमान्य टिळकांचं १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झालं ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. तेही मुळात उतारूंचंच ठिकाण. मुंबईत ज्याचं घर नाही त्यानं उतरायचं कुठं, हा प्रश्न पुण्या-सोलापूरच्या माणसाला तेव्हाही होताच.

आता खोलीचं गणित करू. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. त्यात सहा बाय साडेसहाचा डबल बेड, गेले ३९. त्याच चौकटीत चार बाय सहाचं न्हाणीघर काढलेलं असलं तर आणखी २४. एक कपाट, एक टेबल धरा बारा. उरले पंचेचाळीस. त्यात दोन माणसं, दोन बॅगा आणि आत उघडणारा दरवाजा! हॉटेलवाल्यानं दाखवलेल्या फोटोत हीच खोली ऐसपैस दिसते, कारण फोटो कोपऱ्यात उभं राहून रुंद भिंगानं काढलेला असतो. तेव्हा फोटोत खोली किती मोठी दिसते ते बघूच नका. पलंग आणि भिंत यांच्यात फट किती आहे, ते बघा. पलंग एका बाजूनं भिंतीला चिकटलेला असेल तर आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. तरुण जोडप्याला त्याचं काही वाटणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला मात्र वाटेल. अशा वेळी दोन वेगळे पलंग असलेली खोली मागावी. मिळते, पण मागावी लागते.

खोलीइतकंच महत्त्व घड्याळाला आहे. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, नागपूरकडून येणारी विदर्भ, या सगळ्या गाड्या रात्रभर धावून आपल्याला सकाळी मुंबईत आणून सोडतात. आणि बहुतेक हॉटेलांचा दिवस सुरू होतो दुपारी बाराला. सकाळी सातला दारात उभ्या राहिलेल्या माणसापुढं दोनच वाटा. पाच तास सोफ्यावर बसा, नाही तर गेल्या रात्रीचंही भाडं भरा. पाहुण्याला ही लूट वाटते. पण त्यामागं एक कारण आहे. खोली रिकामी झाल्यावर चादरी-अभ्रे बदलणं, न्हाणीघर धुणं, केर काढणं याला खोलीमागं अर्धा तास लागतोच. पाहुणे वाटेल त्या वेळी आले-गेले तर सफाईची माणसं चोवीस तास ठेवावी लागतील. सगळे बाराच्या सुमाराला निघाले की एकाच पाळीत काम उरकतं. जुन्या लॉजमध्ये अजून कुठं कुठं चोवीस तासांची पद्धत आहे. सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. सकाळी येऊन काम आटोपून त्याच रात्री परतणाऱ्याला ही पद्धत फार सोयीची. दुसऱ्या दिवशी दुपारी निघणाऱ्याला मात्र तिचाच फटका बसतो. तेव्हा भाडं विचारायच्या आधी ‘दिवस कधी सुरू होतो?’ हे विचारा. लवकर खोली हवी असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा. त्या वेळेपर्यंत रात्री किती खोल्या रिकाम्या राहणार याचा अंदाज काउंटरवरच्या माणसाला आलेला असतो. ज्यांना नुसतं अंघोळ करून कपडे बदलायचे आहेत, त्यांच्यासाठी रेल्वेच्या विश्रामखोल्या आहेत. तिकिटाच्या पीएनआरवर त्या आधी नोंदवता येतात. मुंबई सेंट्रलला तर नोव्हेंबर २०२१ मध्ये जपानी धर्तीचं ४८ कप्प्यांचं पॉड हॉटेल सुरू झालं. सुरुवातीला तिथं बारा तासांना ९९९ रुपये पडत. एका माणसाला ते ठीक आहे. आजारी माणसाला घेऊन तिथं जाऊ नये, असं माझं मत.

आता झोप. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच. आपण गादीला आणि उशीला दोष देतो. झोपेचे अभ्यासक या प्रकाराला ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ म्हणतात आणि १९६० च्या दशकापासून तो त्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं एक गमतीदार कारण मांडलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. जणू एक भाऊ झोपलाय आणि दुसरा राखण करतोय. दुसऱ्या रात्री हा फरक बराच ओसरतो. म्हणजे महत्त्वाचं काम असेल तर शक्य झाल्यास एक रात्र आधी यावं, हे आपल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं अगदीच भाबडं नव्हतं.

पण सगळ्यांनाच दोन रात्री परवडतात असं नाही. मग त्या पहारेकऱ्याला जागं करणारे आवाज तरी कमी करावेत. लहान हॉटेलात आवाज येतो तो बहुधा चार ठिकाणांहून. लिफ्टचा दरवाजा, जिन्याजवळची रूमबॉय मंडळींची बसायची जागा, खालच्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर आणि रस्ता. यात रस्त्याचा आवाज सलग असतो, कान त्याला सरावतो. लिफ्टचा आवाज मध्येच येतो आणि तोच दचकवतो. मी स्वतः लिफ्टला लागून असलेली खोली घेत नाही. त्यापेक्षा रस्त्याकडची बरी. सगळ्यात उत्तम म्हणजे वरच्या मजल्यावरची, मागच्या अंगाची. दाराखालच्या फटीतून उजेड आणि बोलणं दोन्ही आत येतं. तिथं जादा टॉवेलाची गुंडाळी लावून बघा, फरक पडतो.

पाण्याचंही थोडं सांगतो. सकाळी सात ते आठ या तासात वीसही खोल्यांना एकदम गरम पाणी हवं असतं. न्हाणीघरात तीन लिटरचा छोटा गिझर असेल तर तो साठवत नाही, वाहतं पाणी तापवतो. तीन किलोवॉटच्या अशा गिझरला एक बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी अंघोळीजोगं करायला पाचएक मिनिटं लागतात. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं आणि माणूस काउंटरला फोन करून भांडतो. नळ बारीक ठेवा, पाणी गरम येईल.

काउंटरवर खटके उडतात ते मुख्यतः ओळखपत्रावरून. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. आधारची प्रत द्यायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येतं. आणखी एक अडचण आयत्या वेळी कळते. काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या माणसाला खोली देत नाहीत. कायदा तसं सांगत नाही, हॉटेलवालेच तसं ठरवतात. पण रात्री अकरा वाजता परळला, रुग्णालयातल्या भावासाठी बोरिवलीहून आलेल्या बहिणीला कायद्याचा काय उपयोग? नोंदणी करतानाच पत्ता कुठला आहे ते सांगून होकार घेतलेला बरा. रुग्णाचे नातेवाईक असाल तर तेही सांगा; दर थोडा उतरतो किंवा निदान डबा गरम करून मिळतो. आणि मुक्काम महिन्याभराचा होणार असेल तर हॉटेलचा नाद सोडून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी.

बिलाबाबत दोनच गोष्टी. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बाराऐवजी पाच टक्के झाला आहे. आणि सेवाशुल्क बिलात परस्पर लावता येत नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये दिले, ते दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये उचलून धरले. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाण्याच्या बाटलीचं मात्र वेगळं आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याबद्दल हॉटेलांवर खटला भरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलं. बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा, म्हणजे झालं.

आता जे बोलायला कुणाला आवडत नाही ते. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीत करोल बागेतल्या अशाच एका मध्यम हॉटेलला आग लागली. सतरा माणसं गेली. आदल्या रात्री ती सगळी आपापल्या कामाची तयारी करून झोपली होती. काही तर लग्नाला आलेली. मार्गिकेच्या भिंतींना लाकूड होतं, ते पेटलं आणि बाहेर पडायची वाटच बंद झाली. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या हॉटेलात किमान चौदा जण दगावले, बरेचसे गुदमरून. खिडक्या बुजवलेल्या असल्याचं तेव्हा समोर आलं.

लहान हॉटेलची हीच खरी दुबळी बाजू. जागा वाचवण्यासाठी जिना एकच असतो. खिडकी असते, पण पडदा सारला की मागं भिंत किंवा अंधारा डक्ट. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून तावदानं कायमची बंद केलेली. पाहुण्याला हे दिसत नाही, कारण तो टॉवेल स्वच्छ आहे का, टीव्ही चालतो का, ते बघत असतो. तेव्हा सामान ठेवलं की आधी पडदा सारा आणि खिडकी उघडून बघा. उघडत नसेल तर खोली बदलून मागा, संकोच करू नका. मग एकदा बाहेर येऊन जिना शोधा. लिफ्टनं वर आलेल्या माणसाला जिना कुठं आहे ते अनेकदा ठाऊकच नसतं. जिन्याच्या तोंडाशी गाद्या, सिलिंडर, तुटक्या खुर्च्या रचलेल्या असतील तर खाली जाऊन सांगा. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ती मोजून ठेवा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताला दारं लागतात.

मार्गिका मोकळी असेल तर लिफ्टच्या नादी न लागता जिन्यानं उतरावं, वाकून, कारण धूर वरच्या अंगाला साचतो. दार उघडल्यावर समोर काळा धूर असेल तर मात्र बाहेर धाव घेऊ नये. दार लावून घ्यावं, टॉवेल ओला करून खालच्या फटीत दाबून बसवावा, खिडकीशी जावं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून हॉटेलच्या नावाबरोबर मजला आणि खोलीचा क्रमांक सांगावा. आणि निजताना खोलीची किल्ली टेबलावर न टाकता उशाशी ठेवावी. जिन्यापर्यंत जाऊन धुरामुळं परत फिरावं लागलं तर दार उघडायला तीच लागते.