ज्याचं वाद्य म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा: ड्यूक एलिंग्टन

अमेरिकन जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) पियानो वाजवायचे, पण त्यांचं खरं वाद्य होतं त्यांचा ऑर्केस्ट्रा! ते नुसत्या ट्रम्पेटसाठी नाही, तर आपल्या ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्ससाठी लिहायचे. १९४० च्या रचनेचं नावच 'कन्चेर्टो फॉर कूटी'.

🎺 ऑर्केस्ट्रातले बबर मायली ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी वाटी धरायचे, तुंबलेलं सिंक मोकळं करायला वापरतात तीच. वाटीची उघडझाप आणि घशातली गुरगुर मिळून ट्रम्पेट अक्षरशः बोलायला लागायचा.

🎷 बॅरिटोन सॅक्सोफोनवाले हॅरी कार्नी १९२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी आले आणि ड्यूक जाईपर्यंत राहिले. दौऱ्यांवर ड्यूक त्यांच्याच गाडीतून फिरायचे.

🔥 न्यूपोर्ट जाझ महोत्सव, ७ जुलै १९५६: टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस यांची सलग २७ आवर्तनं! लोक उठून नाचायला लागले.

🇮🇳 १९६३ मध्ये हा ऑर्केस्ट्रा भारतात आला, मुंबईतही वाजला. त्या दौऱ्याच्या आठवणींतून आली 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही' ही रचना. त्यात जिमी हॅमिल्टन यांची क्लॅरिनेट चक्क मैनेसारखी शीळ घालते.

आज रात्री हेडफोन लावा आणि ती मैना नक्की ऐका!