‘बरं आहे’ म्हटल्यावर...

जामनेरला आमच्या घरी पीजेची शिट्टी ऐकू यायची. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांवरची, रमतगमत जाणारी आगगाडी. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि मग त्या रुळांवर धावलीच नाही. आमच्या अण्णांचं सारं घड्याळ तिच्यावर. शिट्टी झाली की चहा, चहा झाला की शेत!

एका वर्षी कपाशी वेचणीला आलेली असताना अण्णा शिट्टी ऐकूनही उठेनात. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या साली पाऊस चांगला झाला होता, कुणाचं मोठं देणं नव्हतं, घरात सगळं ठीक होतं. म्हणूनच कुणाला काही उमगेना. आत्या आली की म्हणे, ‘‘दादा, तुला कमी काय आहे?’’ अण्णा नुसते भिंतीकडे बघत. पहाटे तीनला जागे होऊन ओसरीवर बसून राहत. हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत झाला. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. त्यांनी दोन घास चिवडले आणि म्हणाले, ‘‘माती खाल्ल्यासारखं लागतंय.’’

मग जे आपल्याकडे होतं ते सारं झालं. ताकदीचं औषध झालं, सलाईन झालं, रक्त तपासून झालं. कुणी लिंबू उतरवलं, कुणी भगताकडे नेलं. आणि मी? मी तेव्हा कॉलेजात होतो, चार पुस्तकं वाचलेली. मी अण्णांना म्हणालो, ‘‘जरा मनावर घ्या, म्हणजे बरं वाटेल.’’ ज्याचा पाय मोडलाय त्याला चालून दाखव म्हणण्यासारखंच होतं ते. आजही आठवलं की मान खाली जाते.

आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘‘बरं आहे ना?’’ ते म्हणायचे, ‘‘बरं आहे.’’ संपलं. आपल्या गावात सगळ्यांचं असंच तर चालतं. ‘काय भो, कसं काय?’ ‘चाललंय!’ एका रात्री मात्र आईनं तेवढ्यावर सोडलं नाही. दिवा बारीक करून ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘‘मी जेवणाचं नाही विचारत. आत काय होतंय ते सांगा.’’ बराच वेळ काही नाही. मग अण्णा लहान मुलासारखे रडले. म्हणाले, ‘‘मी नसलो तर तुमचं जास्त बरं चालेल.’’

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही जळगाव गाठलं. शेजाऱ्यांना सांगितलं, डोळे दाखवायला जातोय. मनाच्या डॉक्टरकडे जातोय हे म्हणण्याची आमची छाती नव्हती. त्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं आणि मग सरळच विचारलं, ‘‘मरणाचे विचार येतात का?’’ मी दचकलो. अण्णा मात्र ‘येतात’ म्हणाले आणि त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही समजूत चुकीची आहे, हे मला पुढे कळलं. विचारल्यानं उलट सुटका वाटते.

गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवस काहीच फरक नाही! आई म्हणाली, पैसे पाण्यात गेले. पण या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात; आपल्या मनानं बंद करायची नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात पीजेची शिट्टी झाली आणि ओसरीवरून आवाज आला, ‘‘चहा झाला का?’’ आई चुलीपुढं पदर डोळ्यांना लावून बसली. चहा त्या दिवशी उतू गेला.

हे सगळं पुन्हा आठवलं ते 2015 साली. दीपिका पदुकोण या नटीनं आपल्याला नैराश्य आल्याचं जाहीर सांगितलं. आदल्या वर्षी ती यशाच्या शिखरावर असतानाच तिला आतून रिकामं वाटू लागलं होतं. भेटायला आलेले आईवडील परत निघताना ती रडू लागली, तेव्हा तिच्या आईनं ओळखलं की हे रडणं वेगळं आहे. मी वर्तमानपत्र आईपुढं धरलं. ती म्हणाली, ‘‘आईच ओळखते.’’ त्याच वर्षी दीपिकानं ‘लिव्ह लव्ह लाफ’ ही संस्था काढली. 2016 मध्ये संस्थेनं देशभर मोहीम चालवली, तिचं नाव ‘दोबारा पूछो’. म्हणजे पुन्हा विचारा! आमच्या आईनं कंदिलाच्या उजेडात केलं ते हेच. त्याच संस्थेनं पुढे कर्नाटकातल्या दावणगेरे भागात खेड्यांतल्या रुग्णांसाठीही काम सुरू केलं. नटनट्यांच्या संस्थांबद्दल मी जरा साशंक असतो, पण हे मला मोलाचं वाटलं.

आपल्या महाराष्ट्रातही ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली होती. म्हणजे आमच्या अण्णांच्या आजारपणात ती होती. जामनेरपर्यंत तिचं नाव तेवढं पोचलं नव्हतं. बंगळूरच्या ‘निम्हान्स’नं 2016 मध्ये राष्ट्रीय पाहणीचा अहवाल दिला. त्यानुसार देशात दर वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार गाठतो. आमच्या गल्लीत वीसांहून कितीतरी जास्त माणसं राहतात. आता 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्री फुकट बोलता येतं, मराठीतही. 2022 साली तो सुरू झाला, त्या वेळी मी तो आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला.

अण्णांचा आजार बारा वर्षांनी एकदा उलटला. या वेळी आम्हाला कळायच्या आधी त्यांनाच कळलं. सकाळी धोतर नेसून, पिशवी घेऊन ते दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘चल रे, जळगावला जाऊ. डोळे दाखवायचे आहेत.’’