परसबागेचे बियाणे

घराच्या मागील मोकळ्या जागेला मराठीत ‘परस’ म्हणतात आणि तेथे फुलवलेल्या भाजीपाल्याच्या बागेला ‘परसबाग’. शहरांत आता परस फारसे उरलेले नाहीत. गच्ची, सज्जा किंवा खिडकीतल्या चार कुंड्या हीच अनेकांची परसबाग झाली आहे. जागा लहान असो वा मोठी, बाग करू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बियाण्याचा. दुकानातील पाकिटांवरची रंगीत चित्रे मन मोहून घेतात. किंमत, उत्पन्न, फळांचा आकार यांची चौकशी आपण करतो. परंतु ‘या झाडाचे बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येईल का?’ हा प्रश्न क्वचितच विचारतो. खरे तर बियाण्याच्या निवडीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

देशी, सुधारित आणि संकरित

एखाद्या भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगली फळे व कणसे निवडून, त्यांचे बी राखून जे वाण टिकवले, त्याला आपण देशी किंवा गावरान वाण म्हणतो. जळगावची भरिताची वांगी, भिवापूरची मिरची, कोरेगावचा वाघ्या घेवडा ही त्याची परिचित उदाहरणे. या तिन्हींना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देशी म्हणजे याच मातीत जन्मलेले असे नव्हे. मिरची आणि घेवडा मूळचे अमेरिका खंडातील. येथील हवा, पाणी, माती आणि येथील जिभेची आवड यांच्याशी जुळवून घेत ती पिके आपली झाली.

कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था अशाच वाणांतून निवड करून ‘सुधारित’ वाण तयार करतात. देशी आणि सरळ सुधारित वाणांचे बी नीट राखले, तर पुढील पिढी बहुतांशी आईवडिलांसारखीच निपजते.

संकरित बियाण्याचे तसे नाही. दोन भिन्न वाणांचा संकर करून ते तयार होते. पहिल्या पिढीतील झाडे जोमदार व एकसारखी असतात. पण त्यांचे बी पेरले तर पुढची पिढी विस्कळीत होते. कोणाचे फळ लांबट, कोणाचे गोल, कोणाचे झाड खुरटे. गुण असे वेगळे का होतात, हे मेंडेलने वाटाण्यावरील प्रयोगांतून १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले होते. म्हणून संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. बाजारासाठी भरघोस व एकसारखा माल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ते फायद्याचे ठरू शकते. घरच्या बागेला मात्र एकाच वेळी पिकणाऱ्या एकसारख्या फळांची गरज नसते. तिला हवी असते चव, विविधता आणि थोडी थोडी पण दीर्घकाळ मिळणारी भाजी.

कोंभाळण्याची बीजमाता

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांना शाळेची पायरी चढता आली नाही. परंतु वडिलधाऱ्यांकडून ऐकलेले शेतीचे ज्ञान त्यांनी आयुष्यभर सांभाळले. संकरित बियाण्याबरोबर रासायनिक खते व कीटकनाशके घरात आली आणि घरातली मुले आजारी पडू लागली, असे त्यांना वाटले. तेव्हापासून त्यांनी गावोगावचे जुने वाण गोळा करण्यास आरंभ केला. वालाचे नाना प्रकार, भात, पालेभाज्या, वेलभाज्या असे कितीतरी बियाणे त्यांच्या घरात जमा झाले. ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने तेथे बीज बँक उभी राहिली.

या बँकेचा व्यवहार मोठा बोलका आहे. येथून बियाणे नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट बियाणे परत करावे, अशी रीत ठेवण्यात आली. त्यामुळे ठेव वाढत जाते आणि वाणही अनेक घरांत पोहोचते. एका घरचे पीक बुडाले तरी दुसऱ्या घरी ते शिल्लक राहते. ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला.

खरेदी करताना

बियाणे आणण्यापूर्वी आपल्या बागेचा आराखडा कागदावर मांडावा. ऊन किती तास येते, मांडव घालता येईल का, घरात कोणत्या भाज्या आवडीने खाल्ल्या जातात, हे लिहून काढावे. पावसाळ्याच्या आरंभी दोडका, कारले, पडवळ, भोपळा, काकडी, भेंडी व गवार लावता येतात. मेथी, पालक, चाकवत, मुळा व वाटाणा यांना हिवाळ्याची थंडी मानवते.

गावरान बी मिळण्याची ठिकाणे म्हणजे आठवडी बाजार, बीज महोत्सव, बीज बँका आणि नात्यातली वडीलधारी माणसे. विक्रेत्याला वाणाचे स्थानिक नाव, ते कोणत्या गावचे, कधी पेरतात व मागील वर्षी पेरले होते का, हे अवश्य विचारावे. ज्याने ते बी स्वतः पेरले आहे, तो या प्रश्नांची उत्तरे सहज देतो.

पाकीटबंद बियाणे घेतल्यास त्यावरील मजकूर वाचावा. ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिलेले असेल, तर ते बी राखण्यासाठी उपयोगाचे नाही. उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख व वैधता पाहावी. गुलाबी, हिरव्या अशा भडक रंगाच्या बियांवर बहुधा औषध चोळलेले असते. त्या कधीही खाऊ नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

घरी आल्यावर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेत ठेवाव्यात. फडके वाळू देऊ नये. बहुतेक भाज्यांच्या बाबतीत आठवड्याभरात, कारल्यासारख्या कठीण कवचाच्या बियांना थोडे अधिक दिवस देऊन, किती अंकुरल्या ते मोजावे. सात-आठ अंकुरल्या तर बी चांगले समजावे. चारच अंकुरल्या तर दाट पेरावे. धणे पेरताना ते हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत.

बी राखताना

वाल, घेवडा, वाटाणा व टोमॅटो यांच्या फुलांत बहुधा स्वपरागण होते. त्यामुळे नवशिक्याने यांपासूनच आरंभ करावा. भोपळा, दोडका, काकडी यांचे परागण कीटक करतात. एकाच भाजीचे दोन वाण जवळजवळ लावले, तर त्यांची सरमिसळ होते. म्हणून एका हंगामात एका वेलभाजीचा एकच वाण लावणे बरे. दुधी वा दोडका चवीला कडू लागला तर तो मुळीच खाऊ नये, कारण कडूपणा विषारी ठरू शकतो. त्याचे बी तर कधीच राखू नये.

निरोगी झाडावरचे चांगले फळ पहिल्यापासूनच खूण बांधून राखावे. उरलेसुरले फळ बियाण्याला ठेवणे म्हणजे वाण हळूहळू निकृष्ट करणे होय. फळ पूर्ण पिकल्यावर बी काढून सावलीत वाळवावे, कोरडी राख मिसळून मडक्यात किंवा बरणीत ठेवावे. वाणाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी त्यासोबत हवी. नाव हरवले की वाणाची ओळख हरवते.

जतन कोणी करावयाचे?

नवी दिल्लीत पुसा येथील राष्ट्रीय जनुक पेढीत पिकांचे चार लाखांहून अधिक नमुने अतिशीत तापमानात साठवले आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली साऱ्या जगासाठी असेच कोठार उघडले. सिरियातील युद्धामुळे अलेप्पो येथील बीज पेढी वापरता येईनाशी झाली, तेव्हा २०१५ साली या कोठारातून तिने ठेवलेले बियाणे प्रथमच परत काढण्यात आले. अशा पेढ्यांची गरज निर्विवाद आहे. परंतु शीतगृहात बी केवळ जिवंत राहते. बदलत्या पावसाशी, नव्या रोगांशी जुळवून घेणे ते शेतातच शिकते. ते कसे पेरावे, कसे शिजवावे, हे ज्ञान तर माणसांच्या घरांतच राहते.

आपल्या देशाच्या २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातले बियाणे राखणे, पेरणे, देणे-घेणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याला व्यापारी नाममुद्रेखाली विकता येत नाही. हक्क कागदावर आला, तरी तो बजावण्यासाठी हातात बी असावे लागते. जो वाण कोणी पेरत नाही, तो दोन-चार वर्षांत उगवेनासा होतो आणि मग कोणत्याही किमतीला तो विकत मिळत नाही. आपल्या चार कुंड्यांपैकी एका कुंडीत गावरान वालाचा वेल चढवला, त्याच्या शेंगा घरात खाल्ल्या आणि मूठभर बी शेजाऱ्याला दिले, तर तो वाण पुढच्या हंगामापर्यंत पोहोचवण्यास तेवढेही पुरेसे असते.