खांद्याच्या मापाचं लाकूड

कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे झाडं उगवायची थांबतात आणि वर्षाचे बरेचसे महिने बर्फच असतं, तिथे ‘कॅनेडियन रेंजर्स’ नावाचं राखीव दल गस्त घालतं. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक त्याच गावांतली, त्यांत पुष्कळ इन्युइट आणि इतर मूलनिवासी. १९४७ साली दल उभं राहिलं आणि पुढे कित्येक दशकं त्यांच्या खांद्यावर जी रायफल राहिली, ती आपल्याला परकी नाही. आपल्या हवालदारांच्या हातात दिसायची ती थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, तिचंच हे ‘नंबर ४’ भावंड. टोरोंटोजवळच्या लाँग ब्रांच कारखान्यात १९४१ पासून ते तयार होत होतं.

२०१८पासून या दलाला नवी रायफल मिळू लागली. नाव सी-१९, मूळ आराखडा फिनलंडच्या टिक्काचा, बनावट किचनर शहरातल्या कोल्ट कॅनडाची. जाड हातमोज्यातलं बोट चापापर्यंत पोचावं म्हणून चापाभोवतीचं कडं मोठं ठेवलं, गोळी आत सारायच्या खटक्याची मूठ मोठी केली. दस्ता लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेला, लालभडक, वर दलाचं चिन्ह कोरलेलं. नळी उत्तम, नेम उत्तम. अडलं ते लाकडापाशी. ओलाव्यात दस्त्याचा लाल रंग उतरू लागला आणि काही वर्षांतच दस्त्यांना तडे दिसू लागले. रायफल तीच ठेवून दस्ता बदलायची वेळ आली.

रायफल म्हटली की आपलं लक्ष नळीकडे जातं, गोळीकडे जातं. दस्ता म्हणजे धरायला लावलेलं लाकूड, असं वाटतं. खरं तर रायफलीचा माणसाशी जो काही संबंध येतो तो सगळा दस्त्यामार्फत येतो. खांदा, गाल आणि दोन्ही हात एवढ्या ठिकाणी तो शरीराला टेकतो. त्यातली एक जागा चुकली तरी बाकीच्यांना ती चूक सांभाळत बसावं लागतं.

पहिलं माप लांबीचं, म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं. ते साधारण तेरा-साडेतेरा इंच असतं. दस्ता कोपराच्या खोबणीत ठेवून बोट चापाला लागतं का ते पाहायचं, हा दुकानातला जुना ठोकताळा. मला तो फारसा पटत नाही, कारण त्यात मान आणि गाल हिशेबातच येत नाहीत. त्यापेक्षा रायफल रिकामी आहे याची खात्री करून, ती सुरक्षित दिशेला रोखून डोळे मिटावेत, सवयीने खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची नेमाची माशी समोर दिसली तर दस्ता आपला. मान ताणावी लागली तर तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

सैन्याला हे फार पूर्वी कळलं होतं. ली-एनफिल्डचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे तो सुटा बदलता येतो. तो चार मापांत मिळे: नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि अगदी ठेंगण्या सैनिकांसाठी पूर्ण एक इंच आखूड. आखूड दस्त्यावर ‘एस’ अक्षराचा ठसा असे. लाखो माणसांना एकच रायफल देतानाही ती शिंप्यासारखी मापावर बसवायची सोय ठेवली होती.

कॅनडात या मापाला थंडीचा एक फाटा फुटतो. उन्हाळ्यात शर्टावर जी रायफल बरोब्बर बसते, तीच नोव्हेंबरात जाड पार्का घातल्यावर लांब वाटू लागते. अंगावर तीन थर चढले की खांदा दोनेक सेंटिमीटर पुढे सरकल्यासारखा होतो. रायफल उचलताना दस्ता काखेत अडकतो, गाल मागे राहतो. म्हणून हिवाळी शिकारीसाठी दस्ता निवडायचा तर दुकानात जाताना तो कोट अंगात हवा. दुकान गरम असतं आणि लोक कोट काढून ठेवतात, ही त्यातली अडचण.

दुसरं माप उंचीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जादा ठरलेल्या ली-एनफिल्ड कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड कापलं, काहींनी नळीही छाटली, वर दुर्बीण बसवली, आणि या रायफली मूस आणि हरणांच्या शिकारीला निघाल्या. गंमत अशी की मूळ दस्ता उघड्या माशीसाठी घडवलेला. दुर्बीण आली की नजरेची रेषा तीनचार सेंटिमीटर वर जाते, पण लाकूड तिथेच राहतं. मग गालाऐवजी हनुवटी टेकते, डोकं तरंगतं, आणि दर गोळीला डोळा जरा वेगळ्या जागी येतो. बाजारात ‘बदली दस्ता’ शोधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं हेच असतं. त्यांना नवा दस्ता लागतोच असं नाही, गालाखाली दोन बोटं उंचवटा पुरतो.

आता तोल. हा विषय मराठी वाचकाला क्रिकेटच्या बॅटवरून चटकन कळेल. दोन बॅटी तराजूत सारख्या भरतात, पण हातात एक हलकी लागते आणि दुसरी जड. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. ४.१ किलोच्या रायफलीवरचा लाकडी दस्ता काढून ४०० ग्रॅमने हलका, पोकळ प्लास्टिकचा बसवला असं समजा. कमी झालेलं वजन तोलबिंदूच्या ३० सेंटिमीटर मागे होतं असं धरलं, तर नवा तोलबिंदू सव्वातीन सेंटिमीटर पुढे सरकतो. रायफल हलकी झाली, तरी पुढच्या हाताला ती जड वाटते. नळी जितकी लांब आणि जाड, तितका हा घोटाळा मोठा.

पुढचं वजन वाईटच असतं असं मात्र नाही. वस्तू फिरवायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. २०० ग्रॅम वजन तोलबिंदूपासून १० सेंटिमीटरवर असण्यापेक्षा ६० सेंटिमीटरवर असलं तर तो विरोध छत्तीस पट होतो. त्यामुळे लांब नळी वळायला आळशी, पण एकदा स्थिरावली की हाताच्या बारीक थरथरीला दाद देत नाही. कागदी लक्ष्यावर हा गुण आणि झुडपातून उसळणाऱ्या हरणासमोर हाच दोष.

कॅनडाला हा धडा महागात पडला होता. पहिल्या महायुद्धात त्यांचे सैनिक सर चार्ल्स रॉस यांची रायफल घेऊन गेले. ती क्वेबेकमध्ये बनलेली, नळी साडेतीस इंचांची. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डची नळी सव्वापंचवीस इंच. नेमबाजीच्या मैदानावर रॉसने नाव काढलं, पण खंदकातल्या चिखलात तिचा खटका अडकू लागला, आणि अरुंद खंदकात ती लांबी नुसती लोढणं झाली. १९१६मध्ये तिची जागा ली-एनफिल्डने घेतली. तरी काही निशाणबाजांनी रॉस सोडली नाही. ऑन्टारिओच्या ओजिब्वे समाजातला फ्रान्सिस पेगामगाबो त्यांतला सर्वांत नावाजलेला. एका जागी निवांत पडून नेम धरणाऱ्याला लांब, जड नळी मित्रच वाटणार.

हलक्या दस्त्याची किंमत खांदाही मोजतो. थ्री-नॉट-थ्रीची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. दारूच्या वायूंचा रेटा धरून ४.१ किलोची रायफल सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येते. ती ऊर्जा सुमारे १५ ज्यूल, म्हणजे एक किलोची साखरेची पिशवी दीड मीटरवरून पडावी तेवढी. वजन घटवलं की हा आकडा वाढतो. दस्ता नळीच्या रेषेपासून फार खाली झुकलेला असेल तर रायफल मागे येतानाच तोंड वर करते आणि दस्त्याची कड गालफडावर आपटते. रबराची गादी ऊर्जा कमी करत नाही. ती धक्का थोडा जास्त वेळ चालवते आणि रुंद जागेवर पसरवते, खांद्याला तेवढंच पुरतं.

मग लाकूड की प्लास्टिक की ॲल्युमिनियम? लाकूड पाणी पितं आणि फुगतं. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, आडवं मात्र चांगलंच. नंबर ४च्या पुढच्या लाकडाचा नळीच्या तोंडाजवळ खालून मुद्दाम दाब ठेवलेला असे. लाकूड फुगलं की तो दाब बदले आणि गोळीची जागाही. थर चिकटवलेलं लाकूड याला बऱ्याच अंशी उत्तर देतं, कारण एका थराची ओढ दुसरा अडवतो. पण रायफलीचा धक्का ज्या खाचेत लाकडावर येतो तिथे बैठक घट्ट आणि सारखी नसेल तर कोणतंही लाकूड हळूहळू फाटतं. ॲल्युमिनियम फुगत नाही, फाटत नाही. फक्त ते उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त चटकन वाहून नेतं. उणे चाळीस अंशांत उघडा गाल त्यावर टेकवून पाहावा! ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात वावरणाऱ्यांना लाकूड देण्यामागे नुसता जुनेपणाचा सोस नाही.

ऑलिंपिकच्या मैदानावर ॲल्युमिनियमचंच राज्य आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत एकाच रायफलीने नेम धरायचा असतो. स्थिती बदलली की नेमबाज गालपट्टी आणि खांद्यामागची पट्टी सरकवून घेतात. एका सामन्यात जणू तीन दस्ते.

आणि या सगळ्या मापांना वाकुल्या दाखवणारी गोष्टही कॅनडाचीच. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये झोपून नेमबाजीच्या स्पर्धेत विंडसरचा जेराल्ड वेलेट आणि त्याचा सहकारी गिल बोआ एकाच रायफलीने खेळले, आणि ती बोआची होती. बोआने ५९८ गुण घेऊन कांस्य मिळवलं, वेलेटने ६००पैकी ६०० घेऊन सुवर्ण. मैदान दीड मीटर आखूड भरल्यामुळे विश्वविक्रम नोंदला गेला नाही, ही पुढची चुटपुट. दुसऱ्याच्या दस्त्यावर पैकीच्या पैकी कसे? झोपलेल्या नेमबाजाला जमीन आणि दंडाचा पट्टा इतकं काही सांभाळून घेतात की मापातली थोडी चूक खपून जाते. उभं राहून हे जमलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

जुन्या ली-एनफिल्ड कॅनडात अजून पुष्कळ घरांत आहेत. एखाद्या दस्त्यावर झिजलेला ‘एस’चा ठसा सापडतो. ऐंशी वर्षांपूर्वी बुटक्या सैनिकासाठी अर्धा इंच आखूड केलेलं ते लाकूड आज पार्का घातलेल्या चांगल्या उंचपुऱ्या शिकाऱ्याच्या खांद्यालाही नेमकं बसू शकतं.